कडी, किल्ली आणि फ्रीज

परदेशातल्या मराठी घरांत एक प्रश्न सहसा मोठ्याने विचारला जात नाही : "आमच्यानंतर याचं कोण करणार?" ज्या घरात डाउन सिंड्रोम, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आहे, तिथे हा प्रश्न जवळजवळ मुलाच्या जन्मापासून मुक्कामाला असतो. मूल लहान असेपर्यंत शाळेची पिवळी बस दारात येते, थेरपिस्ट भेटतात, मंडळाच्या गणपतीत ते पहिल्या रांगेत उभं राहून आरती म्हणतं आणि सगळे कौतुक करतात. मग ते एकवीस-बावीस वर्षांचं होतं, बस यायची थांबते, आणि तोवर आईवडील साठीला आलेले असतात. भारतात निदान मामा, आत्या, चुलत भावंडं, शेजारी असतात. इथे दोघांच्या पलीकडे तिसरं माणूस नसतं.

मी ओहायोत, कोलंबसला पोस्टडॉक आहे. माझा विषय मातीतले जिवाणू, त्यामुळे या प्रश्नाशी माझा व्यावसायिक संबंध शून्य. पण आमच्या मंडळातल्या एका काकूंनी दोन वर्षांपूर्वी कागदांचा एक जाड गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "तू पीएचडी झालीस ना, तुला कळेल हे," एवढंच म्हणाल्या. त्यांचा मुलगा तेव्हा २४ वर्षांचा होता. त्याला डाउन सिंड्रोम आहे. आता त्याने आईवडिलांच्या घरातून एका संस्थेच्या घरात, आणखी तिघांबरोबर राहायला जायचं, असा विचार चालला होता. काका-काकूंना विचारून, आणि त्यांची ओळख पटेल ते सगळं गाळून, हे लिहिते आहे. गठ्ठा मी मुकाट्याने घेतला त्याला आणखी एक कारण होतं. साताऱ्यात माझा धाकटा भाऊ आहे, ३१ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी असलेला. त्याच्याकडे शेवटी येते.

त्या कागदांच्या मुळाशी एक नियम आहे. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या केंद्र सरकारने तो प्रसिद्ध केला आणि १७ मार्च २०१४ पासून तो लागू झाला. 'होम अँड कम्युनिटी बेस्ड सर्व्हिसेस', म्हणजे घरी आणि समाजात राहून मिळणाऱ्या सेवा, कशाला म्हणायचं हे तो ठरवतो. तो समजायला थोडं मागे जावं लागतं.

मेडिकेडला आपण गरिबांची आरोग्य योजना म्हणून ओळखतो. पण म्हातारपणी किंवा अपंगत्वामुळे वर्षानुवर्षं लागणाऱ्या देखभालीचा इथला सर्वांत मोठा भार हीच योजना उचलते. १९६५ मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून तिचा कल संस्थांकडे आहे. नर्सिंग होमचा खर्च देणं राज्यांना बंधनकारक आहे. आंघोळ घालायला, जेवू घालायला, बाहेर न्यायला घरी माणूस देणं मात्र बव्हंशी राज्यांच्या मर्जीवर आहे. या उलट्या न्यायाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे आयोवातली केटी बेकेट. तान्ही असताना मेंदूला सूज आल्यामुळे तिला व्हेंटिलेटर लागत असे. ती रुग्णालयात राहिली तर मेडिकेड पैसे देणार, आणि घरी नेलं तर आईवडिलांचं उत्पन्न मोजून तिला अपात्र ठरवणार, असा पेच होता. घरचा खर्च रुग्णालयापेक्षा कितीतरी कमी होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचा दाखला दिला आणि केटी घरी गेली. पुढे ती मोठी झाली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलत राहिली आणि २०१२ मध्ये गेली.

त्याच १९८१ साली कायद्यात १९१५(सी) हे कलम आलं. मेडिकेडच्या काही अटींमधून सूट घेऊन राज्यांना घरी सेवा देता येऊ लागल्या. ही सूट म्हणजेच 'वेव्हर'. इथे अपंग मूल असलेल्या प्रत्येक घरात हा शब्द मिठासारखा वापरला जातो. 'वेव्हर मिळाला का?' म्हणजे माणूस मिळाला का, श्वास घ्यायला दोन तास मिळाले का. पण वेव्हरमध्ये किती जणांना घ्यायचं याला राज्यं मर्यादा घालू शकतात. म्हणून देशभरात लाखो माणसं याद्यांवर थांबलेली आहेत. शिवाय वेव्हर राज्याचा असतो, माणसाबरोबर प्रवास करत नाही. काकांना एकदा टेक्सासमध्ये मोठ्या पगाराची नोकरी चालून आली होती. तिथे काही वेव्हरसाठी दहा वर्षांहून अधिक थांबावं लागतं हे कळल्यावर त्यांनी ती सोडली. मंडळात बऱ्याच जणांना ते आळशी वाटले होते.

मग १९९९ चा ओल्मस्टेड निकाल. जॉर्जियातल्या लोईस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोघींना बाहेर राहता येईल असं डॉक्टर सांगत होते, तरी त्यांना सरकारी मनोरुग्णालयातच ठेवलं गेलं होतं. गरज नसताना माणसाला संस्थेत कोंडून ठेवणं हा भेदभाव आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं.

इथपर्यंत प्रश्न होता तो 'कुठे' राहायचं याचा. २०१४ च्या नियमाने पुढचा प्रश्न विचारला. चार खोल्यांच्या छोट्या घरातही संस्थेसारखंच वागवलं, तर त्याला घर म्हणायचं का? संस्था घर चालवत असेल आणि तिला मेडिकेडचे पैसे हवे असतील, तर काय असलं पाहिजे याची यादी नियमात आहे. राहणाऱ्याच्या नावाने भाडेकरार, किंवा भाडेकरूला असतं तसं संरक्षण. खोलीच्या दाराला आतून लावता येईल असं कुलूप. खोलीत कोणाबरोबर राहायचं याची निवड. खोली आपल्या मनासारखी लावायची मोकळीक. दिवस कसा घालवायचा यावर स्वतःचा ताबा. केव्हाही खायला मिळणं. केव्हाही पाहुणे बोलावता येणं. आणि सगळीकडे सहज वावरता येईल अशी वास्तू.

मी हे मराठीत सांगत होते तेव्हा काकू कुलपापाशी थांबल्या. "आमच्या घरात बाथरूम सोडून कुठल्या दाराला कडी लावत नाहीत गं. आतमध्ये काही झालं त्याला तर?" मी सांगितलं, नेमलेल्या कर्मचाऱ्यांकडे दुसरी किल्ली असते. आणि यादीतल्या बहुतेक गोष्टींवर बंधनही घालता येतं, पण त्याला रीत आहे. त्या एका माणसाची नेमकी गरज लिहावी लागते. आधी कोणते सौम्य उपाय करून पाहिले ते लिहावं लागतं. बंधन किती दिवस ठेवणार आणि उपयोग होतो की नाही हे कसं तपासणार ते ठरवावं लागतं. आणि त्याची संमती लागते. उदाहरणार्थ, प्राडर-विली सिंड्रोममध्ये भूक शमतच नाही आणि खाणं जिवावर बेतू शकतं, तिथे अन्नाला कुलूप लावण्याला कारण आहे. पण एकासाठी लावलं म्हणून घरातल्या चौघांचाही फ्रीज कायमचा बंद, असं चालत नाही. 'इथली पद्धतच आहे' हे कारण चालत नाही.

काकूंना ते पटलं असं नाही. पण मुलाने नव्या घराची किल्ली हातात घेतली आणि गळ्यातल्या गणपतीच्या लॉकेटशेजारी अडकवली. आंघोळीलाही ती काढत नाही म्हणे.

कागदांमधला दुसरा मोठा भाग बैठकीचा होता. सेवांचा आराखडा वर्षातून निदान एकदा करायचा, आणि शक्य तिथे ती बैठक ज्याची आहे त्यानेच चालवायची. कोणाला बोलवायचं तेही त्यानेच ठरवायचं. या मुलाने तिघांची नावं दिली : आई, बोलिंगचे कोच आणि मी. बाबांना त्याने आधी वगळलं होतं, कारण "बाबा खूप बोलतात." काका दुखावले, मग हसले, आणि शेवटी 'बोलणार नाही' या अटीवर आले. काउंटीच्या बाईंनी दोन रकाने आखले : त्याला काय महत्त्वाचं वाटतं, आणि त्याच्यासाठी काय महत्त्वाचं आहे. दुसऱ्या रकान्यात थायरॉइडची गोळी, हृदयाची तपासणी, रस्ता ओलांडताना सोबत. तो आमच्या तोंडी भराभर भरला गेला. पहिला रकाना रिकामाच होता. त्या थांबल्या. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "पोहे शनिवारी नाही. रोज." आणि थोड्या वेळाने, "पाऊस असला तर वर्कला नाही जायचं." दोन्ही लिहिलं गेलं. पावसावर चर्चा झाली. त्याला पाण्याचा राग नव्हता, ओल्या बुटांचा होता. बुटांची सोय झाली.

चोवीस वर्षांत त्याला बूट कोणते हवेत हे कुणी विचारलं नसेल असं मुळीच नाही. काकूंनी त्याच्यासाठी काय केलं नाही, हा प्रश्नच पडू नये इतकं केलं आहे. पण आपल्या घरांत प्रेम करणारं माणूस बहुतेक वेळा उत्तर आधीच देऊन टाकतं. या नियमाची खरी ताकद मला त्या शांततेत दिसली. उत्तर येईपर्यंत थांबणं हे त्याने सरकारी कामाचा भाग करून टाकलं आहे.

मंडळातल्या इतर पालकांसाठी एक बारीकशी पण उपयोगी गोष्ट. आराखडा करताना त्या व्यक्तीच्या सांस्कृतिक बाबींचा विचार झाला पाहिजे, असं नियमातच लिहिलं आहे. तेव्हा शाकाहार, गणपतीचे दिवस घरी, आजीशी मराठीतून व्हिडिओ कॉल लावून देणं, या 'फॅमिलीच्या मागण्या' म्हणून चाचरत सांगायच्या गोष्टी नव्हेत. मुलाला हव्या असतील तर त्या आराखड्यात लिहून घ्या. आमच्याकडे त्या लिहिल्या गेल्या. योगायोगाने मदतनीस मिळाला तोही भूतानी-नेपाळी तरुण. कोलंबसमध्ये हा समाज मोठा आहे. भात कसा कालवतात हे त्याला शिकवावं लागलं नाही.

पण हा मुलगा पहिल्या वर्षातला चौथा मदतनीस. आधीचे तिघे कामाला वाईट नव्हते. गोदामात तासाला जास्त पैसे मिळतात, एवढंच. हक्काची यादी कितीही सुंदर असली तरी ती रोज सकाळी सात वाजता कोणाच्या तरी हातांनीच पाळली जाते, आणि त्या हातांना पगार पुरत नाही. २०२४ च्या एका केंद्रीय नियमाने अशा काही सेवांसाठी मिळणाऱ्या पैशातला ८० टक्के वाटा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या मोबदल्यावर खर्च व्हावा असं म्हटलं आहे, पण ती अट लागू व्हायला सहा वर्षांची मुदत आहे. दरम्यान २०२५ च्या जुलैमध्ये मेडिकेडच्या केंद्रीय खर्चात मोठी कपात करणारा कायदा झाला. पैसे आटले की राज्यं आधी ऐच्छिक खर्चाकडे बघतात, आणि घरच्या सेवा बऱ्याचशा ऐच्छिकच आहेत. तेव्हा किल्ली मिळाली म्हणजे झालं, असं समजू नये.

याच सुमाराला मंडळात दुसरी चर्चा जोरात होती. अशी मुलं असलेल्या सात-आठ कुटुंबांनी मिळून शहराबाहेर दहा एकर जमीन घ्यायची, तिथे मुलांसाठी घरं बांधायची, छोटंसं देऊळ, भाजीचा मळा, देखरेखीला एक मराठी जोडपं. कल्पना ऐकूनच अनेकांचे डोळे पाणावले होते. माझेही. पण नियम इथे आडवा येतो. बाहेरच्या जगापासून माणसांना वेगळं पाडेल अशी जागा असेल, तर तिची कडक छाननी होते. ती जागा खरोखर समाजात मिसळलेली आहे हे दाखवून दिल्याशिवाय वेव्हरचे पैसे तिथे वापरता येत नाहीत. स्वतःच्या पैशांनी बांधायला कोणी अडवत नाही, पण आयुष्यभर चोवीस तासांची मदत स्वखर्चाने देणं आमच्यातल्या कोणालाही झेपणारं नाही.

काकू चिडून म्हणाल्या, "आपली माणसं म्हणजे समाज नाही का? मॉलमध्ये फिरवलं की समाज होतो?" या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. अनोळखी गोऱ्यांच्या वस्तीतलं चौघांचं घर आपोआप 'समाज' ठरतं आणि मराठी बोलणाऱ्या बारा जणांचा मळा संशयित ठरतो, यात काहीतरी खटकतं खरं. पण हा संशय आला कुठून, तेही बघायला हवं. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची विलोब्रुक शाळा ४,००० मुलांसाठी होती आणि साठच्या दशकात तिथे ६,००० च्या वर मुलं कोंबलेली होती. १९७२ मध्ये टीव्हीचा कॅमेरा आत गेला तेव्हा देशाने ती मुलं उघडी, घाणीत बसलेली पाहिली. तिथे मुलांना सोडणारे सगळे आईबाप निर्दय नव्हते. मोकळी हवा, हिरवळ, तज्ज्ञ माणसं, असंच त्यांनाही सांगितलेलं होतं. पहिली पिढी प्रेमाने बांधते. बांधणारे गेल्यावर तिथे कोण येणार, कोण बघणार, हा प्रश्न उरतो. रस्त्यावरचं घर असेल तर निदान शेजाऱ्याला आवाज ऐकू येतो.

शिवाय त्या सगळ्या चर्चेत मुलांपैकी कोणाला मळ्यावर राहायचं आहे का, हे विचारलं गेलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा दोघं हो म्हणाले. काकूंच्या मुलाने विचारलं, तिथून बोलिंगला बस जाते का. आता ती कुटुंबं जमिनीऐवजी एकमेकांच्या जवळ, पण वेगवेगळ्या रस्त्यांवर छोटी घरं बघत आहेत. शुक्रवारची संध्याकाळ एकत्र, बाकीचं आयुष्य आपापलं. चाललंय धीम्या गतीने.

पैशांचं एक सांगून पुढे जाते, कारण यात आपल्या लोकांचं नुकसान होतं. बहुतेकांची पात्रता एस.एस.आय.च्या नियमांशी बांधलेली असते, आणि तिथे एकट्या माणसाच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता चालत नाही. ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. अशा वेळी पुण्याचे आजोबा कौतुकाने नातवाच्या नावे फ्लॅट करून देतात किंवा आजी मुदत ठेव ठेवते, आणि त्याची पात्रताच धोक्यात येऊ शकते. त्याच्यासाठी स्पेशल नीड्स ट्रस्ट करता येतो, एबल खातं उघडता येतं. मृत्युपत्र करण्याआधी इथल्या जाणकार वकिलाला विचारा, आणि आजी-आजोबांना आजच फोन करा.

आता साताऱ्याकडे. कागदावर भारत मागे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांच्या कराराला भारताने २००७ मध्येच मान्यता दिली. अमेरिकेने २००९ मध्ये सही केली, पण २०१२ मध्ये सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत, आणि तो करार अजून तसाच आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचं पाचवं कलम तर थेट सांगतं, की अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर होऊ नये, जगण्यासाठी लागणारा वैयक्तिक मदतनीस धरून तिला सेवा मिळाव्यात, यासाठी सरकारने प्रयत्न करावा. वाचताना अभिमान वाटतो. पण साताऱ्यात आमच्या घरी त्या कलमातून आजवर कोणी मदतनीस आलेला नाही. आई ६३ वर्षांची आहे. भावाला पलंगावरून खुर्चीत तीच घेते. बाबांचे गुडघे गेले आहेत.

मला लोक विचारतात, त्याला इकडेच का आणत नाहीस? हिशेब सांगते. भावंडासाठी अर्ज नागरिकच करू शकतो. मी अजून व्हिसावर आहे. नागरिक झाल्यानंतर भारतातल्या भावंडांची रांग आज जवळजवळ दोन दशकांची आहे. त्यापुढे मेडिकेडसाठी साधारण पाच वर्षं थांबायचं, आणि मग वेव्हर. तोवर तो साठीचा होईल.

गेल्या महिन्यात मी त्याला फोनवर ती यादी मराठीत वाचून दाखवली. तो सावकाश बोलतो, एकेका शब्दाला वेळ लागतो, पण बोलायचं ते नेमकं बोलतो. कुलपाबद्दल म्हणाला, "कडी नको. मला उघडता येणार नाही. पण आत येताना दार वाजवा." पाहुण्यांबद्दल म्हणाला, "मित्र मला भेटायला येतात. बाबा त्यांना नोकरीचं विचारत बसतात." खाण्याबद्दल : "रात्री अकराला भूक लागते. हाताला येईल असा डबा ठेवा." दिवसावर स्वतःचा ताबा म्हणजे काय ते समजावल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाणी सहाला येतं म्हणून आंघोळ सहाला. ते कळतं. रविवारी बादली भरून ठेवा आणि मला आठपर्यंत झोपू द्या."

शेवटी त्याने विचारलं, "त्या मुलाच्या माणसाचा पगार कोण देतं?" मी सांगितलं, सरकार. "आणि माझ्या?"

त्याचा माणूस पुढच्या सोमवारपासून येतो आहे, संध्याकाळी दोन तास. तिघांना बोलावलं होतं, निवड भावाने केली. पगार मी पाठवणार आहे. बाकीच्यांना हे छान वाटतं. पण काकूंच्या मुलाला न्यायालयाच्या निकालाचा आणि नियमाचा आधार आहे, भले तो डळमळीत असेल. माझ्या भावाचा आधार म्हणजे माझा पोस्टडॉकचा करार, आणि तो जूनमध्ये संपतो.